तारीख रविवारची, वार शनिवारचा

सांगलीत गावभागात माझं छपाईचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी ट्रेडल मशीन होतं, अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे, आता मी कॉम्प्युटरवर डीटीपी करतो, फ्लेक्स बाहेरून मारून आणतो आणि मागच्या खोलीत एक जुनं कटिंग मशीन तेवढं राहिलंय. हे सांगायचं कारण असं की गेली वीस-बावीस वर्षं या गावात जे काय कार्यक्रम होतात त्यातल्या बऱ्याच जणांचा मजकूर माझ्या कॉम्प्युटरवरनं गेलेला असतो. चित्रप्रदर्शन, रांगोळी स्पर्धा, बालनाट्य शिबिर, अपार्टमेंटची कोजागिरी, सगळं. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' हे मी किती हजार वेळा छापलं असेल देवालाच माहिती, आणि माझी स्वतःची उपस्थिती शून्य. रविवारी मटण आणायचं, जेवायचं, पडी टाकायची, एवढाच आपला सांस्कृतिक कार्यक्रम.

त्यात आमची सांगली म्हणजे नाट्यपंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. हे मला पाठ आहे कारण दर नोव्हेंबरात कोण ना कोण त्याचा मजकूर घेऊन येतंच, आणि एका वर्षी मी १८४३ चं १८३४ करून ठेवलं होतं तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुकानात उभं राहून, चार गिऱ्हाइकांसमोर, माझी जी बिनपाण्याने केली ती अजून आठवते. तेव्हापासून आकडे मी तीनदा तपासतो. वार मात्र तपासत नव्हतो, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

आता मुळात मी या भानगडीत पडलो कसा ते सांगतो. २०१९ चा पूर आठवत असेल, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माझ्या दुकानात छातीएवढं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर आत कागदाच्या रिमा फुगून एकमेकींत घुसल्या होत्या, खालचा गठ्ठा उचलायला गेलो तर हातात नुसता लगदा यायचा, आणि जो कोपऱ्यात राहिला तो वाळल्यावर फरशीला असा धरला की खोऱ्याने खरवडला तरी निघेना. शेवटी छिन्नी-हातोडा आणला. आमच्या ओळखीचे एक रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर मदतीला आले होते, त्यांनी तो खरवडलेला तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "काय घट्ट झालंय रे हे, याचा गणपती करायला पाहिजे." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढं काय बोललेच नाहीत. माझं लाखाचं नुकसान झालेलं आणि यांना गणपती सुचतोय.

पण ते वाक्य डोक्यात राहिलं. आणि सांगलीकराला हे काय नवीन नाही, आपल्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच गाजावाजा न करता बसतो तो चोर गणपती कागदाच्या लगद्याचाच असतो की. मागच्या वर्षीच्या आधीच्या वर्षी, जुलैमध्ये, सर परत आले आणि म्हणाले तुझ्याकडं कटिंगचा रद्दी कागद पोत्याने निघतो, मागची खोली रिकामी आहे, एक रविवार दे, गल्लीतली पोरं आणि बायका बोलवू, लगद्याचे गणपती करू. फी दीडशे रुपये, त्यात रंग आणि चहा. मी म्हटलं चालतंय की. मनात होतं, कोण येतंय.

फोन मात्र सुरू झाले लगेच, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सर्टिफिकेट मिळणार का?" दुसरा प्रश्न, "याचा एलिमेंट्री-इंटरमिजिएटला उपयोग होईल का?" ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, या चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात मार्क वाढतात, त्यामुळं आमच्याकडं चित्रकला म्हणजे सात मार्कांचा विषय. पोरगं आठवीत गेलं की ब्रश घेतात, नववीत परीक्षा झाली की तो ब्रश देवघरातली धूळ झाडायला जातो. सरांनी फोनवर सगळ्यांना एकच उत्तर दिलं, सर्टिफिकेट नाही, हात घाण होतील. निम्म्या लोकांनी तिथंच फोन ठेवला.

तर फ्लेक्स. आमच्याकडं फ्लेक्स म्हणजे काय असतो हे मी सांगायला नको, कार्यक्रम कोपऱ्यात बारीक अक्षरात आणि वर शुभेच्छुकांचे अकरा फोटो, त्यातले चार जण गॉगल लावून. मी ठरवलं होतं एकही फोटो टाकायचा नाही. छोटाच केला, तीन बाय चार, आणि व्हॉट्सॲपसाठी एक जेपीजी. आधीच्या एका कार्यक्रमाची फाइल उघडली, मजकूर बदलला, तारीख बदलली, तीनदा तपासली, सोडून दिली. वार जुनाच राहिला. तारीख रविवारची आणि वार शनिवार. ग्रुपवर पन्नासजणांनी हात जोडलेले इमोजी टाकले पण एकानेही वाचलं नाही, आणि ज्यांनी वाचलं त्यातल्या काहींनी वार वाचला, काहींनी तारीख.

शनिवारी सकाळी दहाला मी मागच्या खोलीत एका लग्नपत्रिकेचं कटिंग करत होतो, तर बाहेर चपलांचा आवाज. बघतो तर बारा-चौदा माणसं. बायका, पोरं, एक आजी काठी टेकत, एक बँकेतले काका चक्क एप्रन घेऊन आलेले. मला आधी वाटलं कुणाच्या तरी पत्रिकेत चूक झाली आणि सगळं खानदान भांडायला आलंय. मग एका काकूंनी मोबाईल पुढं केला, "शनिवारच लिहिलंय की हो दादा." खाली तारीख रविवारची. मी दोन्ही वाचलं आणि मला १८३४ वाले गृहस्थ आठवले.

सरांना फोन लावला तर ते कोल्हापूरला लग्नात. रंग आले नव्हते. साचे नव्हते. एकच गोष्ट तयार होती, गुरुवारी रात्री भिजत घातलेला कागद, दोन मोठी टबं भरून, कारण कागद निदान दोन रात्री भिजावा लागतो. मी माफी मागितली, चहा सांगितला, म्हटलं उद्या या. पण आता आलोय तर बसू म्हणून माणसं बसली, कागदाच्या गठ्ठ्यांवर, उलट्या बादलीवर, कटिंग मशीनच्या कडेला (तिथनं मी पोरांना तीनदा उठवलं, त्याचं पातं बघितलंत तर तुम्हीही उठवाल).

आजी टबापाशी गेल्या. हात घातला, लगदा वर काढला, पिळला, बोटांत चुरून बघितला. मी एका पातेल्यात मैद्याची खळ शिजवून ठेवली होती, ती त्यांनी काठीने दाखवली.

"हे काय शिजवलायस?"

"खळ आहे आजी. चिकटायला."

"आरं खळ कशाला? उंदीर खातंय ते. मेथ्या वाट की."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग कळलं की आजी तासगावकडच्या, त्यांच्या लहानपणी घरात कागदाच्या टोपल्या करायचे, भिजवलेल्या कागदात भिजवून वाटलेल्या मेथ्या घालायच्या, त्या चिकट होतात आणि कडूपणामुळं कीड लागत नाही. सुपाच्या भोकांना पण हाच लगदा लावायचा म्हणे म्हणजे बारीक दाणा गळत नाही. हे त्या सांगत होत्या आणि माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी एकदम म्हणाल्या, "आमच्या आजीकडं होती तसली टोपली, शेंगा ठेवायची, मी पत्र्याची समजत होते." मग अजून दोघींना आठवलं. मग मेथ्या कुठनं आणायच्या यावर चर्चा, भिजवायला रात्र जाणार, तर एक काकू म्हणाल्या माझ्याकडं सकाळी लाडवाला म्हणून भिजवलेल्या आहेत, आणि उठून घरी गेल्या, दहा मिनिटांत वाटूनच घेऊन आल्या, मिक्सरच्या भांड्यासकट. लाडू राहिले.

नंतर जे झालं ते मी फक्त बघितलं. आजी खुर्चीवर, बाकी खाली. लगदा फडक्यात घालून पिळायचा, पण कोरडा नाही करायचा, मुठीत दाबला की बोटांमधनं पाणी न येता आकार राहिला पाहिजे. मग त्यात वाटलेली मेथी, आणि कणीक मळतात तसं मळायचं, मळायचं, मळायचं. बँकेतल्या काकांचा एप्रन कामाला आला. मळता मळता त्याला एक तार सुटते, बोट उचललं की चिकाची बारीक तार येते, ती आली की आजी म्हणायच्या "आता धरलं बघ." मग स्टीलचं पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं, आणि फडक्यावर लगद्याच्या थापट्या, भाकरी थापतात तशा, खालून वर, एकीच्या कडेवर दुसरी. पोरांनी थापलेलं आजी बघायच्या आणि अंगठ्याने एखादी जागा दाबून दाखवायच्या, "हितं पातळ हाय, हितनं फुटंल." एका पोराने विचारलं आजी याला पराठ्याचा वास का येतोय, आणि सगळं दुकान हसलं. तो वास पुढं आठ दिवस गेला नाही. एका गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकांना पण लागला, तो काय म्हणाला ते इथं लिहीत नाही.

एक वाजता सगळे गेले तेव्हा मागच्या खोलीत सात पातेली पालथी होती आणि माझं कटिंग अर्धवट. बायकोचा फोन, मटण आणलं का. शनिवार होता, पण मलाही रविवार वाटायला लागला होता.

खरा कार्यक्रम रविवारी झाला, ठरल्याप्रमाणे, सर आले, साचे आले, नऊ माणसं आली, गणपती झाले, चांगले झाले. सरांनी लगद्यात खडूची पावडर घालून तो गुळगुळीत कसा करायचा ते मस्त दाखवलं. पण शनिवारवाले त्यातले फक्त तिघे आले आणि ते पण आपली पातेली वाळली का बघायला. त्यात पावसाळा, ऊन नाही, त्या टोपल्या सुटायला अकरा दिवस लागले. रोज कोणतरी दुकानात डोकवायचं, टोपलीला टिचकी मारायचं, आवाज बद्द आला की परत जायचं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक सोडून इतकी माणसं कधी आली नव्हती.

तिथनं मग दर दुसऱ्या रविवारी बसायला लागलो. ग्रुपचं नाव अजून ठरलं नाही. कार्यशाळा म्हटलं की लोक फी आणि सर्टिफिकेट विचारतात, 'बसूया' म्हटलं की येतात, हा माझा अनुभव. दोनच नियम, माईक नाही आणि सत्कार नाही. शाल-श्रीफळ-ट्रॉफीत माझा स्वतःचा धंदा आहे, ट्रॉफीवरची पट्टी मीच करून देतो, तरी सांगतो, दोन तासांच्या कार्यक्रमात सव्वा तास दीपप्रज्वलन आणि मनोगत असेल तर पोरगं परत येत नाही. आणि खरं तर पोराचा बाप पण येत नाही.

सगळे रविवार चांगले गेले असं नाही. वारली पेंटिंगला वीसजण आले आणि वीसजणांनी तोच तारपा नाच काढला. सुलेखनाला मी स्वतः शिकवायला बसलो, बोरूने 'श्री' काढताना माझाच हात थरथरला, फॉन्टवर जगलेला माणूस मी. एका रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर करून सातारा जिल्ह्यातल्या औंधला गेलो, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये बांधलेलं ते म्युझियम बघायला. राजा स्वतः चित्रं काढायचा हे पोरांना भलतंच आवडलं. तिथं रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं एक दगडी शिल्प आहे, आई आणि मूल, म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या म्युझियममधला माणूस आपल्या खटाव तालुक्यात, आणि आमच्यातले निम्मे लोक त्याच्यासमोरनं 'हे काय अर्धवट ठेवलंय' म्हणत पुढं गेले. आजी थांबल्या. म्हणाल्या, "कडंवर घेतलंय बाळाला." मी परत मागं जाऊन बघितलं.

पण माझ्या लक्षात राहिला तो मिरजेचे सतारमेकर आले होते तो रविवार. मिरज इथनं आठ-दहा किलोमीटर, आणि माझ्या चाळिशीच्या आयुष्यात मी सतारमेकर गल्लीत एकदाही गेलो नव्हतो, मिरज म्हणजे दवाखाना नाहीतर रेल्वे स्टेशन. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा अभिनंदनाचे फ्लेक्स मी केले, तरी नाही. हे कारागीर पिढ्यान् पिढ्या तेच करणारे. मिरजेत या धंद्याची सुरुवात करणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी-भाल्यांचे दिवस संपले आणि तेच हात वाद्याकडं वळले. मग किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहायला आले, गाणारा आणि बनवणारा एका गावात, अजूनही उरुसाला मीरासाहेब दर्ग्यात गवई येऊन गातात.

सतारमेकरांनी येताना एक वाळलेला भोपळा आणला होता, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, आणि एक तयार तंबोरा. भोपळा पोरांच्या हातात फिरला. खायचा नव्हे, कडू असतो, वेलीवरच मोठा होऊ द्यायचा, वाळवायचा, आणि वापरायच्या आधी पाण्यात भिजवून मऊ करून त्याला आकार द्यायचा. आजी लगेच, "आमच्या कागदागतच की." ते हसले, म्हणाले हां आजी, सब पानी का खेल.

मग त्यांनी जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढून दाखवली. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, मधे एक घोडी असते, पाटासारखी रुंद, तिच्यावरनं तारा जातात. तार छेडली तर आवाज आला टण, कोरडा, आपल्या कपाटाच्या दारासारखा. त्यांनी घोडीचा वरचा भाग बारीक कानशीने घासला, दोन हात, फुंकर, तार परत बसवली, ऐकलं, परत काढली, परत एक हात. असं वीस मिनिटं. नुसतं घासून ऐकणं. पोरं चुळबुळ करायला लागली. मग त्यांनी शर्टाच्या खिशातनं साधा सुती दोरा काढला, एक तुकडा तारेच्या खाली घातला आणि घोडीवरनं केसभर केसभर पुढं सरकवत गेले, दुसऱ्या हाताने तार छेडत. टण, टण, टण, आणि एका जागी तो आवाज एकदम उघडला. म्हणजे कसं सांगू, रात्री गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऑफसेट मशीन चालू असतं आणि आपल्या उशीत त्याची गुंज येते, तसं काहीतरी, एका तारेतनं चार आवाज. कुणीतरी उठून पंखा बंद केला. न सांगता. शेजारच्या घरात मिक्सर चालू झाला तर काकूंनी खिडकीतनं ओरडून बंद करायला लावला, आणि तो मिक्सर त्यांच्याच सुनेचा होता.

बँकेतल्या काकांनी विचारलं, किती वर्षं लागतात हे शिकायला. ते म्हणाले, घासायला दोन वर्षं, थांबायला दहा.

डिसेंबरात मग प्रदर्शन लावलं. माझं मत विचाराल तर प्रदर्शन हा प्रकार मला अजून पटला नाही, माणसं हात मागं बांधून फिरतात आणि दबक्या आवाजात बोलतात जणू कोण आजारी आहे. विश्रामबागेत एक हॉल घेतला, नाव सांगत नाही, भिंतीला खिळा मारायचा नाही, सेलोटेप लावायची नाही, मग चित्रं काय हवेत धरायची का, शेवटी खिडक्यांच्या गजाला तारा बांधून लटकवली. संध्याकाळी आठच्या ठोक्याला हॉलवाल्याने पंखे बंद केले, पाहुणे आत असताना. अभिप्रायाच्या वहीत एकोणतीस अभिप्राय, त्यातले तेवीस 'स्तुत्य उपक्रम'. एका पोराने पेन्सिलीने लिहिलंय 'फॅन लावा'. सरांच्या हरिपूरच्या संगमाच्या चित्रापाशी बरेच जण थांबले, पण बहुतेक सगळे 'आमचं शेत इथनं दिसतंय' असं बोट दाखवत होते.

आजींची टोपली मधल्या टेबलावर ठेवली होती, पहिल्या शनिवारची, बाहेरनं त्यांनी गेरू लावून पांढरी नक्षी काढलेली. पुण्याहून आलेल्या एक बाई, कुणाच्या तरी पाहुण्या, त्या टोपलीभोवती तीन फेऱ्या मारून माझ्याकडं आल्या आणि किंमत विचारली. मी आजींकडं बोट दाखवलं. बाई म्हणाल्या पाचशे देते. मग सातशे. मग हजार. मी आजींना हळूच म्हटलं, द्या की आजी, दुसरी करू.

आजींनी टोपली उचलून मांडीवर घेतली. "हिच्यात माझं कांदं असत्यात," म्हणाल्या. "आज सकाळी रिकामी करून आणलीया. कांदं पडल्यात जमिनीवर." आणि मला, "आठ वाजलं का रं? रिक्षा बोलव."

पंखे बंद झाले होतेच.